काचेच्या ओंजळीतलं दूध

गारमाळ गावात माणूस टिकेना, म्हणून गजेंद्रराजांनी तिथं काचेचं भवन बांधलं. आता भवनात माणूस शिरेना!

राजे भडकले. भडकतील नाही तर काय? डोंगरमाथ्यावरचं ओसाड होत चाललेलं गाव पुन्हा नांदतं करायचं, म्हणून त्यांनी सात देश फिरून आलेले राजस्थपती ऋतुपर्ण नेमले होते. गावानं मागितला होता रस्ता. पण रस्ता काय, कुणीही बांधतो! राजांनी दिलं 'नवजीवन भवन'. त्याच्या काचा गावकऱ्यांनीच डोक्यावरून वर चढवल्या, कारण रस्ता नव्हता. दक्षिणेकडची भिंत तर अशी आत वाकवलेली, की जणू डोंगरानं आकाशापुढं ओंजळ धरली आहे. हे स्थपतींचेच शब्द. भवनाला दोन सुवर्णपदकं मिळाली. चार मासिकांत चित्रं छापून आली. चित्रांत माणूस एकही नव्हता. खाली स्थपतींनी लिहिलं होतं, 'रिकामेपण हीच या वास्तूची श्रीमंती.'

मार्गशीर्षातल्या एका सकाळी राजे स्वतः चढण चढून आले. म्हणजे डोलीवाले चढले, राजे बसले.

"पाटील! पाच महिने झाले, एकही कुटुंब राहायला येत नाही? हा माझा अपमान आहे!"

राणबा पाटलांनी पागोटं सावरलं. "अपमान कसा करू, सरकार? पण नव्या घरात दूध उतू गेल्याबिगर आमच्यात कुणी अंथरूण टाकत न्हाई. आणि दूध तापवायला भवनात चूलच न्हाई!"

सगळ्यांच्या माना स्थपतींकडे वळल्या.

"चूल?" स्थपती गडबडले. "चूल... आराखड्यात बसत नव्हती. आणि धुरानं काच काळवंडेल! भवनात नाही, अंगणात नाही, शंभर पावलांत विस्तव दिसता कामा नये!"

"आणि अंगणात वाळत घातलेली घोंगडी करपते, त्याचं काय?" मागून आवाज आला. तो होता हौसाचा. हौसा गावच्या गवंड्याची मुलगी. बाप राजधानीत राजांच्या सहाव्या महालावर कामाला, दोन वर्षांत घरी आला नव्हता. "तीनदा अर्ज दिला, साहेब!"

"उन्हानं घोंगडी करपते!" स्थपती खदखदून हसले. "महाराज, पाहिलंत? सबबी सांगायला यांची कल्पनाशक्ती कशी धावते!"

राजेही हसले आणि लगेच डोळे वटारले. "पुरे! उद्या दुपारपर्यंत याच अंगणात दूध उतू गेलं पाहिजे. विस्तव पेटवायचा नाही, निखारा आणायचा नाही, भवनाच्या एकाही काचेला हात लावायचा नाही. जमलं, तर मागाल ते देईन. नाही जमलं, तर गारमाळ नकाशावरून पुसून टाकीन! तुम्ही सगळे खाली सपाटीला, आणि भवन माझ्या उन्हाळी मुक्कामाला!"

गावात चौदाच घरं उरली होती. चौदाही घरांचे चेहरे उतरले. विस्तवाशिवाय दूध?

"कबूल!" हौसा म्हणाली.

"अगं पोरी, जीभ आवर!" पाटील कुजबुजले.

"आवरते, काका. तुम्ही तेवढं तुमच्या म्हशीचं तांब्याभर दूध द्या. आणि उद्यापुरतं तरी त्यात पाणी घालू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी राजे अंगणात खुर्ची टाकून बसले. हौसा आली ती चुलीवर वर्षानुवर्षं काळंकुट्ट झालेलं पातेलं घेऊन.

"शी! हे कसलं ध्यान?" स्थपतींनी नाक मुरडलं. "निदान एखादं चकचकीत भांडं तरी आणायचं!"

"चकचकीत तुमचं भवन आहे की, साहेब. एक पुरे!"

वाकवलेल्या भिंतीसमोर अंगणाच्या फरशीवर एके ठिकाणी घोंगडी करपल्याचा तपकिरी डाग होता. हौसानं पातेलं बरोबर त्यावर ठेवलं, दूध ओतलं आणि हात बांधून उभी राहिली.

ढग आला. स्थपती गालात हसले. ढग गेला.

काचेच्या ओंजळीतून ऊन सांडलं आणि सगळं त्या काळ्या पातेल्यावर एकवटलं. दुधावर साय धरली. साय थरथरली.

"फसवणूक!" स्थपती धावले. "खाली निखारे लपवलेत!" ते पातेल्यावर वाकले मात्र, त्यांच्या रेशमी उपरण्याचं टोक धुमसायला लागलं!

"जळलो! जळलो! कुणी जाळ लावला?"

"तुम्हीच, साहेब! ओंजळ तुमची, ऊन देवाचं. आमचे फक्त तीन अर्ज!"

तेवढ्यात दूध फसफसून वर आलं आणि उतू गेलं ते थेट स्थपतींच्या पांढऱ्या जोड्यांवर! गावानं एकच गलका केला.

राजे तोंडात बोट घालून बघत राहिले. "माग पोरी, काय हवं ते माग!"

"महाराज, गावात माणसं यावीत म्हणून तुम्ही वर काच पाठवलीत. पण माणसं तर खाली तुमच्याकडेच आहेत! आमचे एकेचाळीस गवंडी तुमच्या सहाव्या महालावर राबताहेत. ते तेवढे परत द्या. रस्ताही तेच बांधतील, घरंही, आणि चुलीसुद्धा!"

राजे चपापले. "एकेचाळीस? मग माझा महाल कोण बांधणार?"

"हे राजस्थपती आहेत की! रिकामेपण हीच वास्तूची श्रीमंती म्हणतात. त्यांना नुसतं रिकामं मैदान द्या, महाराज. महाल तयारच आहे!"

राजांना असं हसू फुटलं, की खुर्ची कलंडली आणि दोन डोलीवाल्यांना धावावं लागलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं आणि गवंड्यांच्या सुटकेचा हुकूम तिथंच लिहून दिला.

चौथ्या दिवशी थाप्या, ओळंबे खांद्यावर टाकून एकेचाळीस जण चढण चढून आले. सगळ्यांत पुढं हौसाचा बाप. त्यांच्या स्वागताचा चहा भवनाच्या अंगणात उकळत होता, आणि ऊन सरकेल तसं पातेलं सरकवायला राजाज्ञेनं नेमले होते खुद्द राजस्थपती ऋतुपर्ण!