हरिणीला काय खटकले?

सागाच्या एका जंगलात हरणांचा मोठा कळप होता आणि त्या कळपात एक तरुण हरिणी आपल्या पाडसासह राहत असे. ही हरिणी भारी दचकणारी. वाळलेले पान पाठीवर पडले तरी हिचे चारही पाय हवेत! त्यातून मुलांनो, दिवस उन्हाळ्याचे. ओढे आटले होते, पाणवठा काय तो एकच उरला होता. एके दिवशी ही बाई पाण्यापाशी अशी काही किंचाळली की सारा कळप उधळला आणि तहानलेलाच परतला. मागाहून कळले, ती एक घोरपड होती. मोठ्या शिंगांचा म्होरक्या वैतागून म्हणाला, "यापुढे काय दिसलं ते सांगता येत असेल तरच ओरडायचं. नाहीतर तोंड मिटून उभं राहायचं!" हरिणीने मान खाली घातली. तिलाही तहान लागलीच होती की!

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर कळप पुन्हा पाणवठ्याच्या अलीकडच्या काठावर आला. पाठीमागून वारा सुटला होता, त्यामुळे पलीकडचा वास काही येत नव्हता. पाण्यावर उतरण्यापूर्वी म्होरक्या नेहमी पलीकडच्या एकेका वस्तूची हजेरी घेई. "दगड?" तो विचारी. "जागेवर!" सगळे म्हणत. "वारूळ?" "जागेवर!" "करवंदीची जाळी?" "जागेवर!" आजही सगळे जागेवर होते. "जा रे पोरांनो," म्होरक्या म्हणाला आणि हरिणीचे पाडस सर्वांच्या पुढे टुणटुणत निघाले. तेवढ्यात हरिणीने समोर सहज एक नजर टाकली. पापणी लवायच्या आत तिच्या छातीत धस्स झाले.

"थांबा! खाली उतरू नका!"

"काय दिसलं?" म्होरक्याने विचारले.

"ते नाही सांगता येत, काका. पण काहीतरी खटकतंय हो."

"आज घोरपडीची आत्या आली असेल!" मागून कुणीतरी म्हणाले आणि सगळे खदाखदा हसले. हरिणी कावरीबावरी झाली. तिने डोळे ताणताणून पाहिले. दगड दगडासारखाच होता, वारूळ वारुळासारखेच. जितके निरखून पाहावे तितके सारे ठीकच दिसू लागले. आपलेच डोके फिरले की काय, असे तिला वाटले. पण मनातले खटकणे काही जाईना. तिकडे पाडस तर चिखलापर्यंत पोहोचले होते.

डोक्यावरच्या उंबरावर एक म्हातारी वानरी बसली होती. ती म्हणाली, "अगं पोरी, मला इथून पानांआड पलीकडचं काही दिसत नाही. पण तू अशी टक लावून नको बघूस. उडी मारताना मी एकेक पान बघत बसले, तर हाडं मोडतील माझी! फांदी एका नजरेत कळते. डोळे मीट बघू. आता उघड, आणि सगळं एकदम बघ."

हरिणीने डोळे मिटले आणि उघडले. समोरचा सारा काठ एकदम नजरेत भरला. वाऱ्याने तिथले सगळे गवत लाटेसारखे वाकत होते. फक्त दगडाच्या डावीकडचे गवत तेवढे गप्प उभे होते.

"गवत! दगडाजवळचं गवत हलत नाहीये! कुणीतरी त्याला अंग टेकून बसलंय!"

म्होरक्याने तिकडे पाहिले आणि जोराने खूर आपटला. पाडस गर्रकन वळले. त्याच क्षणी गवतातून बिबट्याने झेप घेतली, पण ती तोकडी पडली आणि स्वारी धपकन चिखलात! तोवर कळप टेकाडावर पोहोचलाही होता. वानरीने असा काही आरडाओरडा केला की बिबट्या चिखलाने माखलेले तोंड घेऊन निघून गेला.

वानरीने शेंड्यावर चढून तो दूर गेल्याचे सांगितल्यावर सारे पुन्हा खाली आले. म्होरक्या हरिणीजवळ येऊन हळूच म्हणाला, "पोरी, मी एकेक वस्तू तपासत राहिलो, तू सगळं एकदम पाहिलंस. फार उपकार झाले तुझे. आता तू दचकलीस की आम्ही आधी पळू आणि कारण मागाहून विचारू."

"माझे कसले उपकार, काका?" पाडसाला चाटता चाटता हरिणी म्हणाली. "आजीने माझं ऐकलं नसतं, तर मीसुद्धा माझं ऐकलं नसतं." तिने उंबराखाली जाऊन मान लववली.

"पुरे गं," वानरी वरून म्हणाली, "आधी पाणी पी जा."

तात्पर्य : एका नजरेत मनाला जे खटकते, ते लगेच शब्दांत सांगता आले नाही म्हणून खोटे ठरत नाही, आणि अशा वेळी न हसता आपले ऐकून घेणाऱ्याचे उपकार कधी विसरू नयेत.