जांभूळखोऱ्यातल्या साळुंक्यांची छाटणी

डोंगरांच्या मागे, जिथे नकाशाची नेमकी घडी पडते आणि खाली काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही, तिथे जांभूळखोरं नावाचं एक रान होतं. रानात अस्वलाचं राज्य होतं. अस्वल निवडून आलेलं होतं, म्हणून त्याला राजा म्हणायचं नाही, दादासाहेब म्हणायचं, अशी पद्धत होती. बाकी सगळं राजासारखंच होतं.

जांभूळखोऱ्यात कुणालाच लिहिता येत नव्हतं. पण कारभार म्हटला की नोंदी आल्याच, आणि त्या नोंदी साळुंक्यांकडे असत. कुणाला पिल्लू झालं, कुणी बीळ खणलं, कुणी कुणाला शिंग मारलं, की कचेरीच्या वडाखाली जायचं आणि साळुंकीला सांगायचं. ती ते पाठ करायची, मोठ्यानं म्हणून दाखवायची आणि 'नोंद बसली' म्हणायची. एका साळुंकीला एक नोंद. म्हातारी झाली की ती आपल्या पिल्लाला तीच नोंद शिकवायची. साळुंकीची स्मरणशक्ती चांगली असते आणि तिला स्वतःचं मत नसतं, त्यामुळे कारभाराला ती फार सोयीची पडते.

साळुंकीला सांगितली नाही ती गोष्ट घडलीच नाही, असा खोऱ्याचा कायदा होता. एका सशाला बिबट्यानं खाल्लं. पण सशानं कचेरीत येऊन तसं सांगितलं नाही, त्यामुळे नोंदीत तो जिवंतच राहिला. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत त्यानं मतदानही केलं.

सुरुवातीला सगळं झकास चाललं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की साळुंकी मेली तर काय करायचं? म्हणून प्रत्येक नोंद आणखी दोघींना शिकवायचं ठरलं. मग पाणीखात्यानं आपल्या साळुंक्या वेगळ्या ठेवल्या, गवतखात्यानं वेगळ्या, बीळखात्यानं वेगळ्या. एकच मुंगूस पाणीखात्यात नर होता, गवतखात्यात मादी होती आणि बीळखात्यात वारला होता. कुठली नोंद कुठल्या साळुंकीकडे आहे हे लक्षात ठेवायला आणखी साळुंक्या नेमल्या. कुणी कधी कुणाला काय विचारलं, हे लक्षात ठेवायला आणखी. एक साळुंकी तर फक्त इतकंच लक्षात ठेवून होती की शेजारची साळुंकी काल शिंकली. ते कशासाठी हवं होतं, हे सांगणारी साळुंकी सापडत नव्हती.

आणि या सगळ्यांना खायला उंबरं लागत. फांद्या अपुऱ्या पडल्या की दादासाहेब नवीन उंबर सरकारजमा करत आणि त्याचं उद्घाटन करत. नवीन झाड आलं की साळुंक्यांना जागा झाली असं वाटून सगळी खाती नवीन नोंदी बसवत, आणि झाड भरून जाई. रानातल्या बाकीच्या जनावरांना उंबराचं फळ दिसेनासं झालं. त्यांनी तक्रार केली. त्या तक्रारीच्याही नोंदी झाल्या, प्रत्येकी तिघींकडे.

आता हौसाची गोष्ट. हौसा ही एक भेकर, विधवा, आणि भेकरांच्या लहानशा कळपाची कारभारीण. मागच्या निवडणुकीच्या आधी दादासाहेबांना सभेसाठी एक मोठं मैदान हवं होतं. भेकरांचा माळ त्यांच्या डोळ्यांत भरला. तेव्हा ते स्वतः चालत हौसाकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही माळ द्या, मी तुम्हाला वेळूचा झरा देतो. झरा भेकरांचा. दुसऱ्या कुणी त्याला तोंड लावायचं नाही. हा माझा शब्द आहे, आणि मी शब्द पाळणारा माणूस आहे." अस्वल स्वतःला माणूस म्हणालं याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण भाषणात तसंच म्हणतात. ठकी नावाच्या साळुंकीनं हे सगळं जसंच्या तसं पाठ केलं आणि नोंद बसली.

पुढे उन्हाळा तोंडावर आला आणि झऱ्यावर रानडुकरं आली. रानडुकरं दादासाहेबांच्या सभेत पुढच्या रांगेत बसत आणि मागच्यांना बसवत. त्यांनी झऱ्यात लोळण घेतली.

"ह्यो झरा आमचा हाय," हौसा म्हणाली. "दादासाहेबांनी शब्द दिलाय."

"असंल की," थोरला डुक्कर म्हणाला. "नोंद घिऊन या, आमी लगीच उठतो. आमी काय कायद्याच्या भायेर हाय व्हय?"

हौसा कचेरीत गेली. नोंदप्रमुख होता तात्याबा उदमांजर. उदमांजर रात्रभर जागतं आणि दिवसा झोपतं, आणि कचेरी दिवसा उघडी असे. त्यामुळे कचेरी आणि तात्याबा यांची गाठ क्वचितच पडे. हौसानं त्याला हलवून जागं केलं. त्यानं एक डोळा उघडून सांगितलं, "विचारा वडाला."

हौसानं वडाखाली उभं राहून विचारलं, "वेळूचा झरा कुनाचा?"

'झरा' एवढा शब्द ऐकल्याबरोबर अख्खा वड बोलायला लागला. झऱ्यावर घोरपडीचा पाय घसरला. झरा आटल्याची तक्रार. ती तक्रार करणाऱ्याची चौकशी. झरा आटला नसल्याचा खुलासा. चौकशीला आलेल्यांच्या फराळाची नोंद, तीन खात्यांची तीन वेगळी. संध्याकाळ झाली तरी ठकीची पाळी येईना. कुठेतरी वरच्या फांदीवर ती बोलत असणार, पण त्या कालव्यात ऐकणार कोण? हौसा दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, रोज येत राहिली. झऱ्यात रोज चिखल वाढत होता आणि तिची पाडसं ओठ चाटत उभी राहत. मला तेव्हाही तिची दया आली होती आणि आजही येते. पण माझ्या दयेची नोंद कुणाकडे नाही.

याच सुमारास तळ्यावर एक रोहित पक्षी उतरला. लांबून आलेला, गुलाबी, एका पायावर उभा राहणारा. एका पायावर इतका वेळ उभं राहणाऱ्याला नक्की काहीतरी कळत असणार, असं दादासाहेबांना वाटलं, आणि त्यांनी त्याला सल्लागार नेमलं. मोबदला म्हणून तळ्यातली कोळंबी त्याच्या नावे केली.

रोहितानं वडाभोवती एक चक्कर मारली आणि भरसभेत सांगितलं, "साहेब, नोंदी वाढतात हा आजार नाही. कोणती ठेवायची आणि कधीपर्यंत, हे कुणी ठरवलं नाही, हा आजार आहे. प्रत्येक नोंदीला वय हवं. रोज लागते ती वडावर ठेवा. कधीमधी लागते ती लांबच्या गुहेत पाठवा, तिथे खर्च कमी. एकच गोष्ट तिघी सांगत असतील तर खरी कोणती ते बघून एक ठेवा. लांबलचक नोंदी आखूड करा. आणि काहीही छाटण्यापूर्वी, ती नोंद ज्याची आहे त्याला विचारा."

सल्ला चांगला होता. मी चेष्टा करत नाही, खरोखरच चांगला होता. दादासाहेबांनी तो डोळे मिटून ऐकला आणि पूर्णपणे मान्य केला. फक्त शेवटचा मुद्दा तेवढा वेळेअभावी वगळण्यात आला.

मग दादासाहेब उठले. "माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, आजवरच्या राज्यकर्त्यांनी तुमच्या डोक्यावर आठवणींचं ओझं लादलं. हे ओझं उतरवायला मी आलो आहे. आजपासून आपली एकच घोषणा." रानडुकरांनी ती आधीच पाठ केलेली होती. "हलकं डोकं, भक्कम खोरं! हलकं डोकं, भक्कम खोरं!" त्यांची डोकी बघता घोषणा त्यांना शोभतही होती. आजवर राज्य दादासाहेबांचंच होतं, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

छाटणी तात्याबाकडे आली. रोज लागणारी नोंद कोणती, हे त्यानं सोप्या रीतीनं ठरवलं. जिचं उत्तर रोज ऐकलं जातं ती रोजची. दादासाहेब रोज सकाळी मध चाटता चाटता स्वतःच्या कौतुकाच्या नोंदी ऐकत, तेव्हा त्या सगळ्या वडावर राहिल्या. कुणी कधी दादासाहेबांविरुद्ध तोंड उघडलं, याच्या नोंदी रानडुकरं रोज संध्याकाळी ऐकत, त्याही राहिल्या. मेलेला ससा राहिला, निवडणूक जवळ आली होती.

हौसा धावत आली. "तात्याबा, माजी नोंद ठिवा. मी तर रोज येऊन इचारतीया."

"विचारता हो," तात्याबा जांभई देत म्हणाला. "पण उत्तर कधी मिळालंय का?"

"न्हाई."

"मग ती वापरात कुठे आहे?"

हौसा तिथेच उभी राहून रडली. तात्याबा मुळात वाईट नव्हता, त्याला फक्त झोप हवी होती. तो म्हणाला, "बरं, तुमची ठकी गुहेत पाठवत नाही. वडावरच ठेवतो. नोंद मात्र आखूड करावी लागेल, कारण फार लांब आहे."

"आखूड करा, पर ठिवा," हौसा म्हणाली. तिला वाटलं, आखूड म्हणजे 'झरा भेकरांचा'. तुम्हा-आम्हालाही तेच वाटलं असतं.

काम धडाक्यात झालं. लांबच्या गुहेत पाठवलेल्या साळुंक्यांना तिकडे उंबरं पोहोचवायची होती, पण कुणी पोहोचवायची याची नोंदही गुहेतच गेली होती. वडावर उरलेल्या साळुंक्यांनी छाटलेला शब्द चुकून उच्चारला तर त्यांचं उंबर बंद होई, त्यामुळे त्या लवकर शिकल्या. झाडं मोकळी झाली. सरकारी उंबरांवर पुन्हा फळं लगडली आणि ती सगळी दादासाहेबांनी खाल्ली, कारण बचत कुणाच्या तरी पोटात सुरक्षित ठेवावी लागते. ऊन तापायच्या आत रोहित उडून गेला. परिणाम बघायला थांबणं त्याच्या करारात नव्हतं, आणि तळ्यात कोळंबीही उरली नव्हती.

आता कचेरीत काही विचारलं की उत्तर झटकन मिळू लागलं. याचा सोहळा म्हणून भेकरांच्या जुन्या माळावर सभा भरली. दादासाहेब म्हणाले, "कुणाला काय विचारायचं असेल ते विचारा. बघा कारभार कसा पळतो ते."

हौसा पुढे झाली. तिच्या मागे तिचा कळप होता, आणि उन्हानं तिघांना तर नीट उभंही राहवत नव्हतं. "दादासाहेब, वेळूचा झरा कुनाचा? ठकीला इचारा. समद्यांम्होरं इचारा."

रानडुकरं जराशी चुळबुळली. दादासाहेबांच्या मात्र कपाळावर आठीसुद्धा नव्हती. मला खात्री आहे, त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. डोकं हलकं करण्याची सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली होती. ते म्हणाले, "ठकी, बोल."

ठकी खालच्या फांदीवर आली. म्हातारी झाली होती, पिसं विरळ झाली होती. तिनं हौसाकडे पाहिलं आणि चोच उघडली.

"दादासाहेबांनी शब्द पाळला."

"म्होरं?" हौसानं विचारलं. "म्होरं काय, ठकी?"

"दादासाहेबांनी शब्द पाळला."

"पर कंचा शबुद? कुनाला दिला हुता?"

ठकीची चोच थोडी हलली. तात्याबानं झोपेतच कूस बदलली. उंबराची वाटणी करणारी डुकरं शेजारीच उभी होती. ठकीनं मान खाली घातली आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली. आवाज इतका लहान झाला होता की फक्त जवळ उभ्या असलेल्या हौसालाच ऐकू आला.

"ऐकलंत?" दादासाहेब गहिवरून म्हणाले. "मी सांगत नाही, नोंद सांगते आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. थोरला डुक्कर लगेच झऱ्याकडे गेला, कारण नोंदीत झरा हा शब्दच नव्हता, आणि जिथे नाव नाही तिथे पहिला पोहोचेल त्याचा हक्क असतो.

हौसा कळप घेऊन पलीकडच्या डोहावर पाणी प्यायला जाऊ लागली. डोहात मगर होती. कळप हळूहळू आणखी लहान झाला. मगरीच्या तोंडी गेलेल्यांनी कचेरीत येऊन सांगितलं नाही, त्यामुळे नोंदीत भेकरांची संख्या तेवढीच राहिली, आणि दादासाहेबांच्या राज्यात भेकरं सुखरूप आहेत असं सगळीकडे सांगता आलं.

निवडणूक जाहीर झाली तसे दादासाहेब स्वतः चालत डोहावर आले. हौसाची अवस्था बघून त्यांना वाईट वाटलं. ते तिला म्हणाले, "ताई, तुम्हाला इतक्या लांब यावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. मी तुम्हाला वेळूचा झरा देतो. हा माझा शब्द आहे."

हौसानं आजूबाजूला साळुंकी शोधली. साळुंकी होतीही, दादासाहेबांनी येताना बरोबरच आणली होती. चुणचुणीत, तरुण, कचेरीत नव्यानं लागलेली. दादासाहेबांनी बोलायच्या आधी घसा साफ केला तेवढ्यातच तिनं नोंद बसवूनही टाकली होती. पुन्हा छाटायचा खर्च नको, म्हणून शब्द द्यायच्या आधीच तो पाळल्याची नोंद करायची, अशी आता सुधारणा झाली होती.