टिटवीमाळाची हरकत

माणसांची गावं वसायच्या कितीतरी आधी जंगलातले प्राणी राजाच्या सभेत आपापला प्रतिनिधी निवडून पाठवत. ओढ्याच्या दोन्ही काठांवर पसरलेल्या टिटवीमाळाचा मिळून एकच प्रतिनिधी असे.

एकदा राजाचा कारभारी कोल्हा माळावर आला. म्हणाला, "यापुढे ओढा हीच हद्द. अलीकडचे डोंगरवाल्यांबरोबर मत देतील, पलीकडचे नदीवाल्यांबरोबर. टिटवीमाळ हे नावही रद्द. कुणाची हरकत?"

"आहे की!" म्हातारी घोरपड तडकली. "बिबट्या दिसला की टिटवी ओरडते आणि दोन्ही काठ एकदम जमिनीला चिकटतात. त्या हाकेवर आमच्या पिढ्या जगल्या. आम्हाला तोडणारे तुम्ही कोण?"

"हाकेनं हद्द ठरत नसते, आजी," कोल्हा हसला.

तेवढ्यात टिटवी ओरडली. दोन्ही काठांवरचे सगळे क्षणात आडवे झाले. बिबट्या आला, त्याला काहीच हलताना दिसलं नाही, आणि तो निघून गेला.

सगळ्यांनी माना वर केल्या, तर कोल्हाही धुळीत पोट टेकून पडलेला.

घोरपड ताठ मानेनं म्हणाली, "बरी सवय आहे की! कुठल्या काठचे हो तुम्ही, कोल्होबा?"

कोल्ह्यानं उठून पोटावरची धूळ झटकली.

"टिटवीमाळाचा," तो म्हणाला.