मुक्ताचं हेल्मेट

मुक्ताला घाटाखालच्या दवाखान्यात नोकरी लागली. सोमवारपासून ती रोज मोटारसायकलने घाट उतरणार, या विचाराने तिच्या आईचा, सुलोचनाबाईंचा, जीव थाऱ्यावर नव्हता.

दुकानात त्यांनी तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट उचललं आणि थोरले दीर जयवंतराव आडवे आले. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

“तोंड झाकायला आपली पोरगी काय चोर आहे? उघडं हेल्मेट घे. जयवंतरावांची पुतणी चाललीय हे लोकांना दिसू दे!”

“भाऊजी, घाटात ट्रकच्या चाकाखालून खडी उडते हो.”

“एवढं भ्यायचं तर घरीच बसव तिला.”

मुक्ताचा चेहरा उतरला. सुलोचनाबाईंच्या मनात आलं, आता एक तर पोरीची नोकरी जाणार, नाहीतर रोज ती घरी येईपर्यंत आपण दारात उभं राहणार.

तेवढ्यात बाहेरून मेकॅनिकने हाक दिली, “साहेब, तुमच्या नव्या गाडीच्या दिव्यावर जाळी बसवू ना?”

“बसव, चांगली घट्ट बसव!”

सुलोचनाबाई पुढे झाल्या. “कशाला भाऊजी? दिवा झाकला जाईल. जयवंतरावांची गाडी चाललीय हे लोकांना दिसू दे की.”

“अगं, खडा लागला तर काच फुटेल त्याची!”

“फुटली तर नवी बसवता येईल. माझ्या पोरीचं तोंड कुठल्या दुकानात मिळेल?”

जयवंतराव दुकानदाराकडे वळून म्हणाले, “ते बंद तोंडाचंच द्या. आणि काच जाड आहे ना, बघा जरा.”