रावसाहेबांनी पाहिलेला मुकुट

बोलपट आले आणि सांगलीच्या गजाननराव शिरगुप्प्यांची नाटक कंपनी बसली. कर्ज गळ्याशी आलं, तेव्हा गावातल्याच अण्णासाहेब मगदूम वकिलांनी त्यांच्या वतीने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज घातला. उरलेले पडदे, कपडे विकून येतील ते पैसे सावकारांत वाटावेत आणि बाकीच्या कर्जातून माणसाला मोकळं करावं, एवढंच मागणं होतं.

सगळ्यांत बडे सावकार रावसाहेब इंगवले फेटा सावरत साक्षीला उभे राहिले.

"हा माणूस सोन्याचा मुकुट लपवतोय. नाटकात हा राजा व्हायचा, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मी या डोळ्यांनी तो पाहिलाय."

मालमत्ता दडवली असं ठरलं, तर अर्ज बुडणार आणि वर गजाननरावांना तुरुंग.

अण्णासाहेब सावकाश उठले. "रावसाहेब, नाटक शेवटपर्यंत पाहिलंत?"

"अर्थात."

"शेवटी राजाचं मुंडकं उडवतात, तेही पाहिलंत?"

"पाहिलं की. पण ते खोटं असतं."

"मुंडकं खोटं, आणि त्यावरचा मुकुट तेवढा खरा?"

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाशी धरला. मुकुट मागवला, तर तो पुठ्ठ्याचा निघाला. अर्ज मंजूर झाला.

कंपनी मात्र पुन्हा उभी राहिली नाही. गजाननराव शाळेत मुलांची नाटकं बसवू लागले. म्हातारपणी जुने रसिक भेटले, की राजाचं भाषण म्हणायचा आग्रह धरत. गजाननराव क्षणभर आठवून बघत आणि म्हणत, "ते विसरलो बुवा. अण्णासाहेबांचं कोर्टातलं म्हणून दाखवू?"