चौथा तणावा

भाविकहो, श्रीतुळसनाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा खडकमाळ गावी होता. गाव नावासारखेच! बोटभर माती उकरली की खाली कातळ. पण माणसे मायाळू, म्हणून महाराज तिथे रमले. फाल्गुनातला सप्ताह तोंडावर आला होता आणि देऊळ दुरुस्तीसाठी उघडे पडले होते. पखवाज, वीणा, टाळ, पेटी हा सगळा साज ठेवायचा कुठे, असा पेच पडला.

तेव्हा हौसाबाई पुढे आली. एकटी बाई, गोणपाटे शिवून पोट भरणारी. म्हणाली, "महाराज, मी पाल शिवते. देवळाचं काम जसं सरकंल तसं ते उचलून दुसरीकडं न्यायचं. साज माझ्या राखणीत द्या."

महाराज म्हणाले, "दिला!"

झाले! हौसाबाईला आभाळ ठेंगणे झाले. आजवर गावाने तिला कसलाच मान दिला नव्हता. तिने गोणपाटाला दुहेरी अस्तर लावले, शिवणीवर मेण घासले, बांबूंना आडवे बांबू बांधून पाल कसे ताठ उभे केले. मग चारी कोपऱ्यांना ताणून धरणारे काथ्याचे दोर, म्हणजे तणावे, बांधायला घेतले.

सप्ताहाला पखवाजाच्या साथीसाठी दिगंबरबुवा आले होते. हात मोठा गोड, पण जीभ तिखट! पाल पाहून ते म्हणाले, "हे पाल आहे की गोधडी? माझ्या पखवाजाला थेंब जरी लागला ना बाई, तर तोंडावरची काळी शाई सुटेल. मग सप्ताहात काय तुझी सुई वाजवू?"

"एक थेंब लागला तर गाव सोडून जाईन, बुवा," हौसाबाई फणकाऱ्याने म्हणाली. बोलून तर बसली! आता शब्द सगळ्या गावाने ऐकला होता.

तीन कोपऱ्यांच्या मेखा कशाबशा भेगांत बसल्या. चौथ्या कोपऱ्याला मात्र सपाट कातळ. तिने घण मारून मारून मेख वाकडी केली, पण कातळाला ओरखडासुद्धा उठला नाही. बांधायला ना झाड, ना धोंडा. घामाघूम होऊन ती शेजारी उभ्या असलेल्या महाराजांना म्हणाली, "माझं होतं तेवढं केलं. आता ह्या कोपऱ्याचं तुमच्या हाती!"

"माझ्या हाती? मग दे की!" म्हणत महाराजांनी खरोखरच हात पुढे केला आणि दोराचे टोक मुठीत घट्ट धरले.

हौसाबाईला हसू फुटले. सख्ख्या भावाला दटावावे तशी ती म्हणाली, "मी म्हणेपर्यंत सोडायचा नाही हं!"

"नाही सोडत."

एवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून निरोप आला, की गिरजा म्हातारी फार आजारी आहे, महाराजांची आठवण काढते आहे. महाराजांनी टोक कातळावर ठेवले आणि निघाले.

"अहो महाराज, दोर?"

"धरलाय ना, बाई," असे म्हणत ते गेलेसुद्धा!

बुवा पोट धरधरून हसले. "बघा! तुमचे महाराज दोर टाकून चालते झाले!" हौसाबाईच्या डोळ्यांत पाणी तरारले. पण महाराजांवर रागवायचे तरी कसे? ती पालात शिरली आणि साजापाशी बसून राहिली.

दुपार कलली आणि आभाळ काळेकुट्ट झाले. असा वारा सुटला की सप्ताहाचा नवा कोरा मांडव बघता बघता आडवा! पाठोपाठ गारांचा मारा. बुवा पखवाजाच्या काळजीने धावत आले, आणि पालाच्या चौथ्या कोपऱ्याशी थबकले.

कातळावर टाकलेला तो दोर हवेत ताठ उभा होता! टोकाशी कुणी नव्हते. फक्त मुठीत धरल्यासारखा तिथे वेढा पडला होता. बुवांनी दोराला हात लावला, तर तो तारेसारखा झणझणत होता. सारे बळ एकवटून त्यांनी हिसका दिला. छे! दोर तसूभरही हलेना. डोक्यावर गारा बसत होत्या, तरी बुवांना आत जायचे भान राहिले नाही.

वादळ सरले. हौसाबाईने पखवाजाची शाई चाचपली. कोरडी ठणठणीत! बाहेर येऊन पाहते तो दोर अजून ताठच. ती वस्तीकडे धावत सुटली, मागे ओलेचिंब बुवा.

महाराज म्हातारीच्या उशाशी बसून डाव्या हाताने तिला पेज भरवत होते. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. हौसाबाईला पाहताच ते म्हणाले, "आलीस? आता सोडू का गं?"

हौसाबाईला हुंदका आवरेना. "सोडा हो महाराज, सोडा!"

महाराजांनी मूठ उघडली. तळहात सोलून निघाला होता, आणि त्यात काथ्याची कुसळे रुतली होती!

बुवांनी धाडकन पायांवर लोटांगण घातले. "महाराज, चुकलो! मी तुम्हाला हसलो."

महाराज म्हणाले, "मला हसलात त्याचं काही नाही. पण बुवा, मी नुसता दोर धरला. एवढ्या वाऱ्यात पालाचा एक टाका जरी उसवला असता, तर मी काय धरून बसलो असतो?"

बुवा उठले. हौसाबाईकडे वळले आणि गारांनी टेंगळे आलेले आपले डोके त्यांनी तिच्या पायांवर ठेवले. एरवी हौसाबाई संकोचाने मागे सरली असती, पण त्या दिवशी सरली नाही, ताठ उभी राहिली. अशी भक्ती आणि अशी माउली ज्या गावाला लाभली, त्या गावाने मान ताठ ठेवून का चालू नये?