थांबणारे यंत्र

एका तालुक्याच्या गावात सदानंदराव नावाचे निवृत्त पोस्टमास्तर राहत होते. माणूस मोठा हौशी आणि तितकाच भित्रा. पडवीत करवत-रंधा मांडून ते गावच्या बालवाडीसाठी चाकांचे लाकडी बैल बनवत. पण हातात धरायच्या ड्रिलने भोके तिरकी पडत आणि बैल लंगडत चालत. म्हणून त्यांनी टेबलावर बसवायचे छोटे उभे ड्रिल मशीन घ्यायचे ठरवले. ठरवले आणि त्यांची झोपच उडाली.

त्याला कारण होते. लहानपणी त्यांनी उसाच्या चरकात एका माणसाची बाही सापडताना पाहिली होती. बाहीमागून हात गेला. ती किंकाळी ते विसरले नव्हते. फिरणारी कुठलीही वस्तू दिसली की ते लांबून वळसा घालून जात.

दुकानात त्यांच्याबरोबर मेहुणा प्रल्हाद आला. त्याला सगळे मोठेच आवडे. "दाजी, हे घ्या," तो एका दांडग्या यंत्रावर थाप मारून म्हणाला. "लोखंडसुद्धा लोण्यासारखं कापेल!"

सदानंदरावांनी दुकानदाराला विचारले, "हे थांबतं कसं?"

"साहेब, थांबवायला कोण घेतं? लोक फिरवायला घेतात," दुकानदार हसला. मोठ्या यंत्राचे बटण पाठीमागे होते. ते बंद केल्यावरही यंत्र बराच वेळ घरघरत राहिले. सदानंदराव दोन पावले मागे सरले.

मग दुकानदाराने कोपऱ्यातले लहान यंत्र दाखवले. त्याच्या तोंडाशीच वाटीएवढे लाल बटण होते. दाबताच यंत्र गप्प झाले. "पण याच्यात दम नाही हं," दुकानदाराने आधीच सांगून टाकले. "काही अडकलं की मोटरचा पट्टा घसरतो आणि जोर जातो."

"हेच द्या," सदानंदराव म्हणाले.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" प्रल्हाद घरी पोहोचेपर्यंत हसत होता. पुढे सदानंदराव रोज डोळे मिटून ते बटण हाताने शोधायची सवय करू लागले, तेव्हा तर त्याने ही गंमत गावभर सांगितली. सदानंदरावांचे बैल मात्र आता सरळ चालू लागले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारे पुजायची, चालवायची नाहीत, अशी घराघरांतली रीत. सदानंदरावांच्या पत्नी कुमुदताईंनी यंत्राला कुंकू लावले आणि झेंडूचा हार घातला. हाराचे टोक खाली ड्रिलपाशी लोंबत होते. शेजारीपाजारी प्रसादाला जमले होते.

"दाजी, एकदा फिरवून तर दाखवा," प्रल्हाद म्हणाला. "की आजही भीती वाटते?"

"आज नको हो," दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेल्या कुमुदताई यंत्रापुढे निरांजन ठेवायला वाकत म्हणाल्या.

पण लोक हसले आणि सदानंदरावांचे कान तापले. जन्मभर यंत्राला भिणारा हा माणूस त्या क्षणी लोकांच्या हसण्याला जास्त भ्याला. त्यांनी यंत्र सुरू केले.

हाराचे टोक ड्रिलला गुंडाळले गेले. पाकळ्या उधळल्या. झेंडू ओवलेला मजबूत दोरा गरकन फिरला आणि त्यात कुमुदताईंचा पदर सापडला. पदर त्यांच्या गळ्याभोवती आवळला आणि त्यांची मान फिरत्या ड्रिलकडे खेचली जाऊ लागली. "ताई!" म्हणून प्रल्हादने त्यांना मागे ओढले, तसा फास अधिकच बसला. त्यांच्या तोंडून आवाज निघेना. सदानंदरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चरकाजवळची ती किंकाळी कानात घुमू लागली. त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हते.

पण हाताला वाट पाठ होती. पट्टा किंचाळत घसरत होता, यंत्र अडखळत होते, तेवढ्यात त्यांचा तळवा लाल बटणावर पडला.

यंत्र थांबले. कुमुदताईंचे कपाळ ड्रिलपासून वीतभर दूर होते.

सदानंदरावांनी पदर कापायला कात्री उचलली. कुमुदताईंना जरा श्वास मिळाला तशा त्या म्हणाल्या, "अहो, आधी प्लग काढा."

प्रल्हादने प्लग उपसला. "दाजी, ते मोठं यंत्र असतं तर..."

"पुढचं बोलू नकोस," सदानंदराव म्हणाले आणि रडू लागले. "यंत्र मी भीतीने निवडलं होतं रे. आज चालवलं मात्र लाजेने."

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी प्लग काढून पाटावर ठेवला आणि हार त्या प्लगलाच घातला. प्रसादाला तीच माणसे आली होती. त्यांतले कोणीही हसले नाही.

तात्पर्य: जोर घरी आणण्याआधी तो आवरता येतो का ते पाहावे; आणि लोक हसतील म्हणून आपल्या राखणदार भीतीला दाराबाहेर काढू नये.